ढाकच्या बहिरीची भांडी : भय, भूत आणि संघाचे द्रव्य

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत फिरताना एक गोष्ट अभ्यासकाच्या लवकर ध्यानात येते. येथे डोंगराची ओळख आधी त्याच्या दैवताने किंवा भुताने करून दिली जाते. उंची आणि इतिहास मागाहून येतात. पायथ्याच्या वाडीत वाट विचारली की वाटेबरोबर ताकीदही मिळते. अमुक झाडाखाली बसू नका, तमुक टाक्यात हात घालू नका, दिवस मावळायच्या आत खाली या. गेल्या हिवाळ्यात आम्ही या भागात चार दिवस हिंडलो. कोंडाणे येथील लेणी पुन्हा एकदा निवांत पाहावीत एवढाच मूळ हेतू होता. परंतु सोबतच्या तरुण उपासकांच्या आग्रहावरून ढाकच्या बहिरीलाही जाणे झाले. तेथे एक लहानसा प्रसंग घडला. त्या प्रसंगाने आम्हाला आमच्याच काही गृहीतांकडे पुन्हा पाहावयास लावले, म्हणून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बहिरीचा डोंगर

ढाकचा किल्ला आणि त्याच्या शेजारचा कळकराय सुळका कर्जतच्या बाजूने दूरवरून दिसतात. किल्ल्याच्या पोटात उभ्या कड्यावर एक गुहा आहे. तीच बहिरीची गुहा. 'बहिरी' हे 'भैरव' या नावाचेच लोकांच्या तोंडी झालेले रूप आहे. घाटावरून येणारे लोक जांभिवलीहून येतात, कोकणातून जाणारे सांडशीकडून चढतात. शेवटचा टप्पा सोपा नाही. कळकराय आणि ढाक यांच्यामधील अरुंद घळ उतरून कड्याला बिलगून जावे लागते, आणि नंतर कातळात खोदलेल्या खोबण्यांत बोटे रुतवून वर चढावे लागते. पाय घसरला तर खाली सावरण्यास काही नाही. ठाकर समाजाचे हे श्रद्धास्थान आहे. गुहेत शेंदूर लावलेला देव आहे, पाण्याची टाकी आहेत आणि त्या पाण्यात ठेवलेली भांडी आहेत.

या भांड्यांचीच दंतकथा परिसरात प्रसिद्ध आहे. वर येणाऱ्याने टाक्यातील भांडी काढावीत, स्वयंपाक करावा, जेवावे, भांडी घासून पुन्हा पाण्यात ठेवावीत. कोणी एखादे भांडे घरी नेले तर बहिरी त्याच्या पाठीस लागतो. नेणारा आजारी पडतो, वेड लागल्यासारखा करतो, आणि भांडे परत आणून ठेवीपर्यंत त्याची सुटका होत नाही. आम्हाला वाट दाखवावयास आलेले साठीच्या घरातील ठाकर गृहस्थ ही हकीगत सांगत होते, तेव्हा त्यांच्या आवाजात नवल नव्हते की भीतीही नव्हती. नदीला पूर येतो हे जितक्या सहज सांगावे, तितक्या सहज ते सांगत होते.

प्रथम एक खुलासा करणे अवश्य आहे. आपल्या चळवळीतील काही उत्साही मंडळी कड्यात पोकळी दिसली की ती बौद्ध लेणी असल्याचे जाहीर करतात. आम्हाला ही पद्धत मान्य नाही. चैत्यगृह, स्तूप, भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या, शयनासाठी खोदलेले ओटे, ब्राह्मी लेख यांपैकी काही सबळ पुरावा असल्याखेरीज असे म्हणू नये. बहिरीच्या गुहेविषयी आम्ही तसा दावा करीत नाही. पुराव्याने सिद्ध झालेली आपली लेणी महाराष्ट्रात इतकी आहेत की अनुमानाने त्यांत भर घालण्याची गरज नाही. उलट अशा एका सैल विधानामुळे दहा खऱ्या विधानांवरचा विश्वास उडतो.

गुहेत घडलेला प्रसंग

गुहेत पोहोचल्यावर सोबतच्या एका तरुणाने टाक्यातून एक पितळी पळी काढली. तरुण सुशिक्षित, वाचणारा, अंधश्रद्धेविरुद्ध पोटतिडकीने बोलणारा. त्याने ती पळी आपल्या पिशवीत घातली आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "ही मी घरी नेतो. वर्षभराने पुन्हा येईन आणि सांगेन की मला काही झाले नाही. म्हणजे या वाडीतील लोकांची भीती कायमची जाईल." इतर दोघांनी मान डोलावली. खरे सांगावयाचे तर आम्हीही त्याला अडवले नाही. प्रयोगाने समज खोटी ठरवावी ही कल्पना त्या क्षणी आम्हास गैर वाटली नाही.

ते ठाकर गृहस्थ जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दादा, देवाला तुमी भिऊ नका. पण पळी ठेवा. उद्या जो वर येल त्यानं कालवण कशानं ढवळायचं?"

तरुणाने पळी पाण्यात परत ठेवली. आम्हा कोणालाच पुढे बराच वेळ काही बोलता आले नाही. पालीचे अध्यापन करण्यात आमची वीसहून अधिक वर्षे गेली आहेत. विनयपिटकातील ज्या प्रकरणाचे आम्ही वर्गात अनेकदा विवेचन केले, त्याचे सार एका निरक्षर माणसाने आमच्यापुढे एका वाक्यात मांडले होते, आणि ते आम्हाला त्याच्या तोंडून ऐकावे लागले.

चार शब्दांचा इतिहास

त्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी भुतांविषयीच्या शब्दांकडे पाहू. पालीमध्ये 'भूत' म्हणजे जे झाले आहे ते, अस्तित्वात आलेले, जीव. खुद्दकपाठातील रतनसुत्ताच्या आरंभी जमलेल्या भूतांना उद्देशून मंगल इच्छिले आहे. भूमीवरचे असोत वा अंतरिक्षातले, सर्वांना ते उद्देशिलेले आहे. त्या ठिकाणी त्यांना पळवून लावण्याचा मंत्र नाही. त्यांनी प्रसन्न व्हावे आणि माणसांविषयी मैत्री ठेवावी अशी विनंती आहे. अट्ठकथेनुसार हे सुत्त वेसालीत दुष्काळ, रोगराई आणि अमनुष्यांचे भय अशी तिहेरी आपत्ती आली असताना म्हटले गेले. 'भूत' या शब्दाचा मृताचा भयकारी आत्मा असा संकुचित अर्थ पुढे रूढ झाला.

दुसरा शब्द 'यक्ख'. संस्कृतात 'यक्ष', प्राकृतात 'जक्ख'. कोकणातील 'जाखीण' ही प्राकृतातील 'जक्खिणी', म्हणजे पालीतील 'यक्खिनी' होय. जाखमाता, जाखाई ही ग्रामदेवतांची नावेही याच घराण्यातील. संयुत्तनिकायात यक्खांचे एक स्वतंत्र संयुत्त आहे. त्यांतले काही यक्ख भगवंतांना भेडसावू पाहतात, प्रश्न विचारतात आणि अखेरीस उत्तर मिळाल्यावर उपासक होतात. आळवक यक्खाचे सुत्त आपल्या विहारांतून आजही ऐकावयास मिळते. तिसरा शब्द 'पेत', म्हणजे जो येथून गेला तो. तिरोकुड्डसुत्तात आपल्या जुन्या घरांच्या भिंतींबाहेर, चव्हाट्यावर, दारांच्या चौकटींपाशी उभ्या राहिलेल्या आप्तांचे चित्र आहे. ते घाबरवावयास आलेले नाहीत. त्यांना विसरले गेले आहे, आणि कोणीतरी आपली आठवण ठेवावी एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

चौथा शब्द म्हणजे ज्याला मराठीत 'समंध' म्हणतात तो. येथे आपण एका वेगळ्या जगात येतो. इंग्रजी अमदानीत कोकणातील लोकसमजुती गोळा करून छापल्या गेल्या. त्या चाळल्या असता दिसते की भुतांमध्येही वर्णव्यवस्था आहे. मुंज होऊन सोडमुंज होण्याआधी मेलेला ब्राह्मण मुलगा 'मुंजा' होतो आणि पिंपळावर राहतो. इच्छा अपुरी राहिलेला ब्राह्मण 'ब्रह्मसमंध' होतो. बाळंतपणात मेलेली स्त्री 'हडळ' होते, सवाष्ण मेलेली 'जाखीण' होते. अरबीतून आलेल्या नावाचा 'खवीस' परधर्मीयाचे भूत ठरतो. मेल्यानंतरही माणसाची जात, लिंग आणि धर्म सुटत नाही. उलट तेच त्याचे नाव बनते. ज्या समाजाने माणसाला जन्मतः चौकटीत बसवले त्याने मरणानंतरचे जगही त्याच चौकटीत बसवले. आमच्या आज्या-पणज्यांनी मरीआईचा गाडा गावाबाहेर नेला. येसकराने रात्री वेशीवर पहारा केला. गावाला भय वाटे त्या सीमेवर उभे राहण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांनाच गावाने अस्पृश्य मानले. म्हणून भुतांचा प्रश्न आम्हाला केवळ करमणुकीचा वाटत नाही.

कोंडाण्याचा यक्ष आणि जुन्नरचे 'भूत'

ढाकपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाण्याची लेणी आहेत. कोंडिवडे गावातून पायवाटेने वर गेले की झाडीत चैत्यगृहाची भव्य कमान समोर येते. पावसाळ्यात लेण्यांसमोरून धबधबा कोसळतो आणि शतकानुशतकांच्या त्या ओलाव्याने चैत्यगृहातील खांबांचे खालचे भाग झिजून गेले आहेत. लाकडी बांधकामाची कातळात केलेली नक्कल, अष्टकोनी खांब, विहाराच्या भिंतीवरील चैत्यकमानी या सर्वांवरून हे काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे झाले असावे असे अभ्यासक मानतात. कल्याण, सोपारा या बंदरांकडून घाटमाथ्यावर जाणाऱ्या वाटेवर हा आवास होता. व्यापारी, तांडे आणि भिक्खू हे सारे याच खोऱ्यातून वर जात असत.

चैत्यगृहाच्या दर्शनी भागाच्या डाव्या बाजूस पुरुषभर उंचीहून मोठ्या मूर्तीचे छिन्न मस्तक दिसते. शिरोभूषण अजूनही कळते. अनेक अभ्यासक हिला यक्षाची मूर्ती मानतात. शेजारी ब्राह्मी लिपीत लहानसा लेख आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. राजा नाही, श्रेष्ठी नाही. एका गुरूचा एक शिष्य. खानदेश-मराठवाड्याच्या सीमेवरील पितळखोरे येथेही यक्षाची एक मूर्ती सापडली. तिच्या तळहातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचा लेख आहे. हे उत्खनन १९५७ नंतरच्या वर्षांत म. न. देशपांडे यांनी केले आणि ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, गोंडस, हसऱ्या चेहऱ्याचा तो यक्ष डोक्यावर पात्र धरून उभा आहे. तो कोणालाही भेडसावीत नाही.

या दोन मूर्तींचा अर्थ काय? त्या काळच्या लोकांना डोंगर, झाड, पाणवठा यांत यक्ष राहतात असे वाटे. भिक्खूंनी त्या डोंगरात निवास केला तेव्हा त्यांनी यक्षाला हाकलले नाही आणि त्याची पूजाही सुरू केली नाही. त्यांनी त्याला दाराशी उभे केले. जो भय दाखवीत होता तो द्वारपाल झाला. आत मात्र स्तूप राहिला. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीतीला स्थान मिळाले त्यामागेही हाच विचार आहे. मुले पळवून नेणारी म्हणून जिची भीती वाटे ती मुलांची रक्षिका झाली. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंगने विहाराच्या भोजनशाळेपाशी तिची प्रतिमा असते आणि तिला अन्न वाढले जाते असे लिहून ठेवले आहे. भयाचे रूपांतर जबाबदारीत करणे ही त्यांची रीत होती.

पुढे भिक्खू गेले, व्यापाराच्या वाटा बदलल्या, लेख वाचणारे उरले नाहीत. रिकाम्या लेण्यांत पुन्हा भय येऊन राहिले. कोठे पांडवांनी एका रात्रीत खोदले असे सांगितले जाऊ लागले, कोठे राक्षसांनी. याचे सर्वांत बोलके उदाहरण पुणे जिल्ह्यातील जुन्नर येथे आहे. तेथील डोंगराला शिलालेखांत 'मानमुकुड' असे नाव आहे. तेच झिजत आजचे 'मानमोडी' झाले. मूळ नाव विसरले गेले आणि मराठी कानाला ते 'मान मोडणारी' असे ऐकू येऊ लागले. धर्मानंदांचे पुत्र दामोदर कोसंबी यांनी अशा नावांचा आणि डोंगरवाटांवरील देवस्थानांचा बारकाईने शोध घेतला, हे येथे नमूद केले पाहिजे. याच डोंगरावरील लेण्यांच्या एका समूहाला 'भूतलिंग' किंवा 'भूतलेणे' म्हणतात. तेथील चैत्यगृहाच्या कमानीवर लेख आहे : हे गर्भद्वार चंद नावाच्या यवनाचे धम्मदान होय. समुद्रापलीकडच्या वंशाचा एक माणूस आपले नाव व श्रद्धा कातळावर ठेवून गेला, आणि त्याच जागेला आपण भुताचे लेणे म्हणू लागलो. ज्यांची नावे आपण वाचू शकत नाही त्यांना आपण भूत करतो, असे आम्हास वाटते.

भय कोठे असते

मज्झिमनिकायातील चौथे सुत्त भयभेरवसुत्त या नावाने प्रसिद्ध आहे. जानुस्सोणी नावाचा ब्राह्मण भगवंतांना म्हणतो की अरण्यातील एकांतवास कठीण आहे, तो मनाला खेचून नेतो. त्यावर भगवंत स्वतःचा अनुभव सांगतात. बोधी प्राप्त होण्यापूर्वी चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या व अष्टमीच्या रात्री लोक ज्यांना भितात अशा आरामातील, वनातील आणि वृक्षांच्या चैत्यांपाशी ते मुद्दाम जाऊन राहिले. रात्री एखादे हरीण येई, मोर काटकी खाली पाडी, वारा पाचोळा उडवी. तेव्हा मनात येई, हेच का ते भय येत आहे? मग त्यांनी ठरविले की चालत असताना भय आले तर ते जाईपर्यंत बसावयाचे नाही की उभे राहावयाचे नाही. बसलेले असताना आले तर उठावयाचे नाही. ज्या स्थितीत भय आले त्याच स्थितीत ते निमावयाचे. भयाचे कारणही तेथे सांगितले आहे. ज्याचे कायिक, वाचिक आणि मानसिक आचरण अशुद्ध आहे, ज्याचे मन लोभाने किंवा द्वेषाने भरले आहे, त्याला अरण्यात भय वाटते.

वैज्ञानिक दृष्टीच्या माणसाला या सुत्तात आपलेपणा वाटतो, कारण येथे भयाची तपासणी आहे. परंतु एक गोष्ट सहसा सुटते. भगवंतांनी त्या चैत्यांवर जाऊन कोणाचे काही मोडले नाही, उचलले नाही. तपासणी स्वतःच्या मनाची होती. आमच्या तरुण मित्राची तपासणी दुसऱ्याच्या मनाची होती आणि तिचे साधन दुसऱ्याची पळी होती. फरक येथे पडतो.

आमच्याविषयीही सांगितले पाहिजे. त्या रात्री आम्ही पायथ्याच्या वाडीत एका अंगणात झोपलो होतो. मध्यरात्रीनंतर मागच्या रानात काहीतरी जोराने मोडल्याचा आवाज झाला आणि आम्ही एकदम उठून बसलो. छातीत धडधड होत होती. वीस वर्षे ज्या सुत्ताचा अर्थ सांगितला त्यातील मोर आणि काटकी आठवावयास बराच वेळ लागला. शेजारी निजलेले ते ठाकर गृहस्थ कुशीवरही वळले नाहीत. सकाळी विचारले तेव्हा म्हणाले, "गुरं असतील." ज्याला आम्ही अंधश्रद्ध समजत होतो तो निवांत झोपला होता.

संघाचे द्रव्य

आता विनयपिटकाकडे येऊ. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात एक हकीगत आहे. एका गावातील आवासात राहणारे भिक्खू येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्खूंसाठी अंथरूण-पांघरूण लावून देता देता कंटाळले. त्यांनी संघाचे सारे शयनासन एकाच भिक्खूच्या नावे करून टाकले. नंतर पाहुणे भिक्खू आले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की येथे संघाचे असे काही नाही, सर्व एकाला दिलेले आहे. हे भगवंतांच्या कानी गेले. त्यांनी पाच प्रकारच्या वस्तू कोणालाही देता येणार नाहीत असा नियम केला, आणि त्या संघाने, गणाने किंवा व्यक्तीने दिल्या तरी दिल्या असे होत नाही असेही सांगितले. पहिला प्रकार आराम आणि आरामाची जागा. दुसरा विहार आणि विहाराची जागा. तिसरा मंच, पीठ, गादी, उशी. चौथ्या प्रकारात धातूची कुंभे, घागरी, कढया, वाकस, परशू, कुऱ्हाड, कुदळ अशा वस्तू येतात. पाचव्यात वेल, बांबू, गवत, माती, लाकडी आणि मातीची भांडी.

धातूची भांडी आणि मातीची भांडी यांची अशी यादी धर्मग्रंथात का असावी? कारण डोंगरातील आवास याच वस्तूंवर चालतो. कोंडाण्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात भिजून आलेल्या भिक्खूला उपदेशाआधी कोरडी जागा, पाणी आणि पाणी तापविण्यास भांडे लागते. हे भांडे कोणाचे? जो आज तेथे राहतो त्याचे नाही. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख पाहावा. लेणे, पाण्याची टाकी आणि तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी त्याने चारही दिशांच्या भिक्खुसंघास दिली. दोन हजार कोष्टींच्या एका श्रेणीकडे आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे व्याजाने ठेविले. मूळ रकमेस हात लावावयाचा नव्हता. फक्त व्याज वापरावयाचे होते. चतुद्दिस संघ म्हणजे आलेला आणि न आलेला, आजचा आणि उद्याचा. जो अजून आलेला नाही त्याचाही वाटा त्या घागरीत आहे.

"उद्या जो वर येल त्यानं कालवण कशानं ढवळायचं?" हा प्रश्न आणि 'अनागत' भिक्खूचा वाटा यांत आम्हाला अंतर दिसत नाही. बहिरीची प्रथा विनयातून आली असे आम्ही म्हणत नाही. त्यास पुरावा नाही आणि गरजही नाही. कठीण डोंगरावर जेथे जेथे माणसे एकमेकांच्या आधाराने राहतात तेथे तेथे असा नियम जन्मतो. प्रश्न हा की त्या नियमाचा पहारेकरी कोण? लोकपरंपरेने पहाऱ्यास भय ठेवले. विनयाने समज आणि संयम ठेवला. दुसरा मार्ग अधिक श्रेष्ठ आहे याविषयी आम्हाला शंका नाही, कारण भयाचा पहारा ज्याला भय वाटत नाही त्याच्यापुढे निकामी होतो. आमच्या मित्राच्या पिशवीने तेच दाखविले. परंतु समज आणि संयम उभे करण्याआधी जो भय काढून घेतो, तो शेवटी पळी घेऊन घरी जातो. भय गेले आणि शील आले नाही, तर मागे केवळ चोरी उरते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत जुन्या देवांचा, अवतारकल्पनेचा, श्राद्ध-पिंडदानाचा त्याग आहे. त्यांच्याच जोडीला पंचशील, अष्टांगिक मार्ग, प्राणिमात्रावर दया, चोरी न करणे, खोटे न बोलणे या प्रतिज्ञा आहेत. पहिला भाग पाठ झाला आणि दुसरा राहून गेला, अशी स्थिती आपल्यापैकी अनेकांची आहे. आम्ही स्वतःला त्यातून वगळीत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणाऱ्यास आज शिक्षा होऊ शकते. हे मोठे काम आहे आणि त्यास आपला पूर्ण पाठिंबा असला पाहिजे. तो कायदा भोंदूच्या विरुद्ध आहे. डोंगरावरील एका सामाईक घागरीच्या विरुद्ध तो नाही.

मेलेल्यांची नावे

परतताना आम्ही खोपोलीवरून आलो. बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. येणारी-जाणारी वाहने तेथे नाणी टाकतात. घाटातून रेल्वे न्यावयाची होती तेव्हा वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखविली आणि नंतर इंग्रजांनी त्यालाच मारले, अशी लोककथा आहे. १८६३ मध्ये हा लोहमार्ग सुरू झाला. तो खोदताना हजारो मजूर पटकी, ताप आणि अपघातांनी मेले. बोगदे आणि पूल आज उभे आहेत. त्या मजुरांची नावे कोठे कोरलेली नाहीत. त्या साऱ्यांचे मिळून एक देऊळ झाले आहे असे आम्हास वाटले. ज्यांना इतिहासाने जागा दिली नाही त्यांना लोकांनी दैवत करून ठेवले. चव्हाट्यावर उभे असलेले तिरोकुड्डसुत्तातील आप्त आम्हाला तेथे आठवले.

त्याच खालापूर तालुक्यात चौकच्या बाजूला इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात त्याच्या अंगावरची माती सुटली आणि पायथ्याची ठाकरांची इर्शाळवाडी गाडली गेली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. बचावाला गेलेल्यांना चिखलातून चालत चढावे लागले आणि यंत्रे वर नेता आली नाहीत. २७ मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. ती तेथेच आहेत. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. त्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातील तळीये येथे दोनच वर्षांपूर्वी, जुलै २०२१ मध्ये, अशीच दरड कोसळली होती.

आमच्या वाटाड्या गृहस्थांना आम्ही इर्शाळवाडीविषयी विचारले होते. ते म्हणाले, "ती आमचीच माणसं." एवढेच बोलून ते पुढे चालू लागले. त्यांना बहिरीची भीती नव्हती हे आम्ही आधी सांगितले आहे. पावसाची होती. डोंगरात राहणाऱ्याला कशाचे भय वाटावे हे त्याला नेमके कळते. ज्यांनी ते कागदावर नोंदवावयाचे त्यांना कळत नाही.

आणखी पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक इर्शाळगडाच्या पायथ्याशी जाईल तेव्हा त्याला काय सांगितले जाईल? रात्री येथे थांबू नका, येथे आवाज येतात, असे सांगितले जाण्याचा संभव आहे. तसे झाले तर दोष त्या सांगणाऱ्याचा नसेल. त्या ८४ माणसांची नावे, त्यांची घरे, त्या रात्रीचा पाऊस आणि यादीतील ती गळती हे सारे आज लिहून ठेवण्याचे काम ज्यांचे आहे, त्यांचा तो दोष असेल. बलक नावाच्या शिष्याने आपल्या गुरूचे नाव कातळावर कोरले म्हणून दोन हजार वर्षांनी कोंडाण्यास आपण त्या गुरूला ओळखतो. ज्यांची नावे कोरली गेली नाहीत ते झाडावर गेले, घळीत गेले, देवळात गेले.

आपली लेणी पाहावयास जाणाऱ्या तरुणांना आम्ही आता दोन गोष्टी सांगतो. ब्राह्मी शिकून जा, म्हणजे जेथे लोक भूत पाहतात तेथे तुम्हाला माणसाचे नाव वाचता येईल. आणि वाटेत कोणाच्या गुहेत थांबलात, तर भांडे घासून जागेवर ठेवा.